मदत हवी आहे: लहान चर्च-मंडळीच्या थकलेल्या पाळकांना (पास्टरांना) उभारी कशी द्यावी?

शेवटचा बाक (धागाकर्ता)

सर्वांना सलाम.

आमची मंडळी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात आहे. 17 कुटुंबं, रविवारी उपासनेला 30 ते 35 मोठी माणसं आणि नऊ-दहा मुलं. पाळकसाहेबांकडे आमच्यासकट तीन गावं आहेत. सकाळी 8 ला पहिलं, साडेदहाला आमचं, दुपारी 4 ला तिसरं. मोटारसायकलवर रविवारचं जाणं-येणं 46 किलोमीटर होतं.

ईस्टर झाल्यापासून साहेब फार गप्प आहेत. घरभेटी कमी झाल्यात. उपदेश वीस मिनिटांवरून दहावर आलाय. पूर्वी आशीर्वादानंतर दाराशी थांबून म्हाताऱ्या माणसांचा हात हातात घेऊन बोलायचे, आता थेट गाडीकडे जातात. तक्रार नाही, काळजी वाटते. माणूस मनापासून सेवा करणारा आहे.

पंच कमिटीत ठरतंय की हंगामाच्या सणाला (पिकाचं दान आणून त्याचा लिलाव करतात तो सण) शाल, सन्मानचिन्ह आणि जेवण देऊन सत्कार करावा. खर्च साधारण 4,000 रुपये. याने खरंच फरक पडेल का? नसेल तर इतक्या लहान मंडळीला झेपेल असं काय करता येईल? सविस्तर सांगा, कमिटीत वाचून दाखवायचं आहे.

तीन गावं

सत्कार वाईट नाही, पण आत्ता नको. दमलेल्या माणसाला व्यासपीठावर बसवून चार भाषणं ऐकवली की शेवटी त्यालाच उठून आभाराचं पाचवं भाषण करावं लागतं. सोमवारी सगळं ओझं जिथल्या तिथे असतं.

आधी ओझं मोजा. कमिटीतल्या दोघांनीच जावं, सगळ्यांनी नाही. मंगळवार किंवा बुधवारची संध्याकाळ, एक तास, सोबत कोरा कागद. "तुम्हाला काय त्रास आहे?" असं विचारू नका, उत्तर "काही नाही, देवाची कृपा आहे" असंच येईल. "गेल्या सोमवारपासून काल रात्रीपर्यंत काय काय केलंत, वारानुसार सांगा" असं विचारा आणि ते सांगतील तसं लिहून घ्या. मग त्यांच्यासमोरच प्रत्येक कामापुढे खूण करा: याला पाळकच लागतो का? वचनाची तयारी, प्रभुभोजन, बाप्तिस्मा, लग्न, अंत्यविधी, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना, याला लागतो. चर्चची किल्ली, पाण्याची टाकी, लाइट बिल, झाडलोट, सतरंज्या, शनिवारी ग्रुपवर सूचना टाकणं, पेटी दुरुस्तीला नेणं, कोणाच्या पोराचा शाळेचा दाखला आणणं, याला लागत नाही. लहान मंडळीत हे सगळं पाळकावर येतं, कारण किल्ली त्याच्याकडे असते. ज्याच्याकडे किल्ली, त्याच्याकडे सगळं.

बायबलमधल्या निर्गम 18 मध्ये मोशेला त्याचा सासरा इथ्रो याने हेच सांगितलं. एकटा सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करत बसलास तर तूही झिजशील आणि लोकही झिजतील. त्याने हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर नायक नेमायला सांगितलं. तुमचा आकडा दहाचाच आहे, तेवढा पुरे.

वाटणी करताना बहुतेक मंडळ्या जिथे चुकतात ते सांगतो. "आपण सगळे मिळून बघू" असं ठरलं की तीन आठवड्यांत काम परत पाळकाकडे येतं. एका कामाला एकच नाव, मुदत तीन महिने, आणि तो बाहेरगावी गेला तर कोण, हेही तिथेच लिहायचं. कागद चर्चच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. झालं नाही तर विचारणा सेक्रेटरी करतील, पाळक नाही.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. 46 किलोमीटरचे चार रविवार म्हणजे 184. आठवड्याच्या घरभेटी 60 किलोमीटर धरल्या तर महिन्याचे 240. एकूण 424. गाडी लिटरला 45 देत असेल तर साडेनऊ लिटरच्या आसपास, 105 रुपये भावाने साधारण 1,000 रुपये. हे बहुतेक ठिकाणी पाळकाच्या पगारातून जातात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. तिन्ही गावांनी वाटून घेतले तर एका मंडळीला साडेतीनशेही पडत नाहीत. सत्काराच्या 4,000 मध्ये तुमचा वाटा वर्षभर भागतो.

दानपेटी

हिशेबाच्या बाजूने लिहिते.

पहिलं, पगाराची तारीख. रक्कम लहान असली तर माणूस काटकसर करून जगतो, पण तारीख नक्की नसेल तर किराणावाल्यासमोर मान खाली जाते. आणि पगार कसा दिला जातो तेही बघा. उपासना झाल्यावर मागच्या खोलीत दानार्पणाची थैली टेबलावर उलटी करायची, दहा-दहाच्या चुरगळलेल्या नोटा सरळ करून रबर लावायचं, नाण्यांच्या चळती लावायच्या आणि त्यातलंच उचलून पाळकसाहेबांच्या हातावर ठेवायचं: "बाकीचे पुढच्या रविवारी." हे थांबवा. 1 तारखेला बँकेत जमा, एका आकड्यात.

आकडेमोड उदाहरणादाखल अशी. तुमच्या मंडळीने महिना 12,000 द्यायचे आहेत असं धरू. रविवारचं दान सरासरी 2,200, म्हणजे महिन्याचे 8,800. तूट 3,200. 17 पैकी 11 कुटुंबांनी महिना 300 चं वचन पाकिटात घातलं तर 3,300 येतात. लाइट बिल आणि किरकोळ खर्चाला वेगळी पेटी ठेवा, नाहीतर तो पगारातून कापला जातो. तरी पेरणीच्या दिवसांत दान घटतंच. म्हणून हंगामाच्या सणातली पहिली 12,000 रुपयांची रक्कम राखीव टाका, म्हणजे एक महिन्याचा पगार कायम हातात राहील. जूनमध्ये कमी पडलं तर त्यातून घ्या, दिवाळीपर्यंत परत भरा.

सणाच्या लिलावाची वही पाळकाकडे अजिबात नको. बाजरी, कोंबड्या, भोपळे, अंडी जे येईल त्याचा भाव, घेणाऱ्याचं नाव, रोख की उधार, हे दोघांनी लिहायचं आणि त्याच संध्याकाळी दोघांनी सही करायची. उधारीची वसुली पाळकाला सांगितली की ज्याच्या घरी प्रार्थनेला जायचं त्याच्याच दारात पैसे मागायला उभं राहावं लागतं. त्यातून गैरसमज होतात आणि घरभेटी बंद पडतात. तुमच्याकडे घरभेटी कमी झाल्यात म्हणता, हे कारण एकदा तपासाच.

एकाच सुखवस्तू घराने गुपचूप जास्त पैसे देणंही घातक. पुढे त्या घराविषयी खरं बोलताना पाळकाची जीभ अडखळते. जादा द्यायचं असेल तर मंडळीच्या खात्यात द्या.

आणि बँकेत दहा मिनिटांचं काम आहे. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला 20 रुपये, वय 18 ते 70, अपघाती मृत्यूला 2 लाख. जीवन ज्योती विमा वर्षाला 436 रुपये, 18 ते 50 वयात घेता येतो, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी 2 लाख. दोन्ही 1 जून ते 31 मे. मे अखेरीस खात्यात शिल्लक नसली तर हप्ता कापला जात नाही आणि विमा थांबतो, म्हणून ते 456 रुपये मंडळीने मेच्या सुरुवातीलाच जमा करावेत. रोज मोटारसायकलवर फिरणाऱ्या माणसाला एवढं तरी हवंच.

शेवटचा बाक

दोघांचेही आभार. किल्ली, टाकी आणि लिलावाची वही, तिन्ही साहेबांकडेच आहेत. कमिटीतले एक वडील म्हणतात, पाळकाने विश्वासाने जगायचं असतं, पगाराचं बोलू नये. त्यांना काय सांगावं? आणि उपदेशाबद्दल त्यांना धीर कसा द्यायचा? उपासनेला येणाऱ्यांचा आकडा कमी होतोय ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागलेली दिसते.

जुनी घंटा

वडिलांना गलती 6:6 आणि 1 तीमथ्य 5:17-18 काढून द्या (वचन शिकवणाऱ्याला वाटा द्या, कामकऱ्याला मजुरी मिळावी, असं तिथे आहे), वाद घालू नका. पाळकाने विश्वासाने जगावं हे खरं. मंडळीने त्याच्या विश्वासावर जगू नये.

उपदेशाबद्दल. "आज छान झालं साहेब" याचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण ते दर रविवारी तसंच म्हटलं जातं. पाळकाला कळायला हवं की बी कुठे पडलं. म्हणून नेमकं सांगा आणि उशिरा सांगा. रविवारी दारात नको, बुधवारी-गुरुवारी सांगा. "तुम्ही हरवलेल्या नाण्यावर बोललात, त्यानंतर थोरल्याशी बंद झालेलं बोलणं मी सुरू केलं." एवढं एक वाक्य, खरं असेल तरच. दर आठवड्याला वेगळ्या घराने सांगितलं तर 17 घरांत चार महिने निघतात. गुरुवार यासाठी की तेव्हा तो पुढच्या रविवारच्या तयारीला बसलेला असतो, आणि बहुतेक वेळा तिथेच त्याचा धीर सुटतो.

शनिवारी रात्री ग्रुपवर मोठ्या शहरातल्या गाजलेल्या उपदेशकांच्या क्लिपा टाकणं बंद करा. टाकणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण ज्याला बारा तासांनी उभं राहायचंय त्याला ती तुलनाच वाटते.

आकड्याबद्दल. रोमकरांस पत्राच्या 16 व्या अध्यायात प्रिस्क आणि अक्विला या जोडप्याच्या घरातल्या मंडळीला सलाम आहे. घरात मावेल एवढीच ती मंडळी. पण नुसतं वचन सांगून भागत नाही, डोळ्यांना काय दिसतं तेही बदला. मिशनच्या काळातली दगडी इमारत असेल तर 150 च्या जागेत 35 माणसं विखरून बसतात आणि पुलपिटावरून रिकामे बाकच दिसतात. मागचे बाक भिंतीला लावून टाका, पुढच्या पाच-सहा ओळीच ठेवा. तेवढ्या लोकांना माइकची गरज नसते, आवाज घुमून उलट ताण येतो.

विश्रांतीसाठी सोमवार पूर्ण मोकळा द्या. त्या दिवशी फोन सेक्रेटरीने घ्यायचे. मृत्यू आणि दवाखाना सोडून काहीही मंगळवारपर्यंत थांबू शकतं. पाच रविवार येतात त्या महिन्यात पाचव्या रविवारी उपदेश मंडळीतल्या कोणी करावा. नाव सहा आठवडे आधी ठरवा, आदल्या शुक्रवारी ठरवलं तर शेवटी पाळकच उभा राहतो. नाताळच्या कॅरल फेऱ्यांनंतरचा आठवडा आणि ईस्टरनंतरचा आठवडा सुट्टीचा धरा. तुमच्याकडे ईस्टरनंतरच माणूस गप्प झालाय यात मला नवल वाटत नाही. लेंटमधल्या (ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या) घरोघरच्या प्रार्थना, उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) वधस्तंभावरची सात वचनं आणि पहाटेची उपासना, तेही तीन गावांत.

1 राजे 19 वाचा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता. देवाने त्याला आधी जेवू घातलं आणि झोपू दिलं, तेही दोनदा. बोलणं नंतर झालं, आणि मग अलीशा हा सोबती मिळाला. जवळपासच्या तीन-चार पाळकांना महिन्यातून एकदा एकत्र जेवायला, बोलायला वेळ मिळेल अशी सोय करा. मग ते संप्रदायाने वेगळे असले तरी चालेल. कमिटीचा माणूस तिथे नको.

पाळकीणबाईंकडेही बघा. संडे स्कूल, महिला मंडळ, पाहुण्यांचा चहा हे सगळं न विचारता त्यांच्यावर टाकलेलं असतं. त्यांना स्वतंत्र विचारा, आणि "नाही" म्हणाल्या तर ते ऐका.

सत्काराऐवजी एक करता येईल. कलस्सै 4:17 मध्ये पौल पूर्ण मंडळीला सांगतो की अर्खिप्पाला सांगा, तुला मिळालेली सेवा पूर्ण कर. पाळकाला धीर देणं हे तिथे मंडळीचं काम म्हणून लिहिलंय. सणाच्या दिवशी भाषणांऐवजी दोन वडिलांनी डोक्यावर हात ठेवून त्यांच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करावी. दोन मिनिटं पुरतात.

काळी दोन

छोटीशी भर. गाणं पडलं की उपासनाच पडते आणि उपदेशाला उठणारा माणूस आधीच खचतो. 35 जणांत बायका, पुरुष, मुलं मिश्र असतात. पेटीच्या पांढरी चार पट्टीतून धरलेलं गीत वरच्या ओळीला तुटत असेल तर काळी दोनला, म्हणजे खालच्या पट्टीला, आणा. शनिवारी अर्धा तास चार आवाज बसवा. नवं गीत महिन्यात एकच.

तीन गावं

एक गंभीर गोष्ट राहिली. दोन आठवडे झोप नाही, जेवण सुटलंय, वारंवार रडू येतं किंवा "आता नको हे जगणं" असं बोलणं निघतं, तर हा थकवा नाही, आजार असू शकतो. डॉक्टरकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो. प्रार्थनेच्या ग्रुपवर मात्र त्यांचं नाव घालून विनंती टाकू नका, तिन्ही गावांत चर्चा होते. प्रार्थना करणाऱ्या चौघांना तोंडी सांगा.

शेवटचा बाक

मनापासून आभार. बुधवारी संध्याकाळी मी आणि आमच्या खजिनदार ताई जातोय, कोरा कागद घेऊन. किल्ली त्याच दिवशी मागून घेतो.

दानपेटी

टाकीच्या कुलपाचीही घ्या. आणि दुसरी किल्ली करून टाका, नाहीतर तुम्ही गावाला गेलात की ती परत त्यांच्याकडेच जाईल.