बेचिराख, ओस की उठलेलं गाव?

प्रश्न (वाळपई): गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका सड्यावर (खडकाळ पठारावर) मध्ययुगीन वस्तीच्या खुणा आहेत. घरांची जोती, बुजलेली विहीर, झाडोऱ्यात एक वीरगळ (लढताना पडलेल्या वीराचा स्मृतिदगड). शाळेच्या भित्तिपत्रकात 'बेचिराख गाव' लिहिलं तर चालेल ना?

उत्तर (फोंडा): मुळात बरोबर, पण आज फसवं. शब्द फारसी आहे. बे म्हणजे विना, चिराग म्हणजे दिवा. जिथे दिवा लागत नाही ते गाव बेचिराख, मग ते जळलेलं असो वा नसो. महसुली दप्तरात याच अर्थाने यायचा. पुढे शेवटच्या 'राख'ने घात केला. 'आगीत दुकान बेचिराख' वाचून वाढलेली मुलं पहिल्यांदा विचारतील, गाव जाळलं कुणी?

डिचोली: मग 'पांढरी'? देशावर सर्रास म्हणतात.

फोंडा: देशावर ठीक. तिथे काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. मातीच्या भिंती, चुलीची राख, शेण असं पिढ्यान्‌पिढ्या साचून माती फिकट होते, टेकाड चढतं. आपल्या सड्यावर खाली जांभा, वर तांबड्या मातीचा पातळ थर, त्यात घाटाचा पाऊस. भिंत ढासळली की माती उताराला लागते. टेकाड व्हायला काही शिल्लक तर राहायला हवं!

मी 'उठलेलं गाव' लिहीन. 'ओस' फक्त आजची अवस्था सांगतं; 'गाव उठलं' म्हटलं की माणसं चालती झाली हे कळतं, आणि कारण आपण आपल्या पदरचं घालत नाही. साथ असेल, पाणी आटलं असेल, घाटवाट बदलली असेल. 'वस्ती' मात्र जपून. गोव्यात हल्ली तो शब्द ऐकला की लोक सेटलमेंट झोनचा, म्हणजे घरं बांधायला मोकळ्या ठेवलेल्या जमिनीचा, नकाशा काढतात.

केपे: आमच्या कुर्डीलाही उठलेलं म्हणायचं का? उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथेही जोतीच दिसतात.

फोंडा: नाही, ते बुडीत गाव. साळावली धरणासाठी लोकांना उठवलं, महादेवाचं देऊळसुद्धा हलवून धरणाजवळ उभं केलं. उठणं वेगळं, उठवणं वेगळं.

वाळपई: पटलं. 'उठलेल्या गावाची जोती' लिहिते. आणि तो वीरगळ की ती?

डिचोली: दोन्ही रूढ आहेत. फक्त 'वीरगळाचा दगड' नको. कानडी 'कल्लु' म्हणजे दगडच.