अनुभव धागा : बांगलादेशी माणसं आणि त्यांचे खेळ

शेवगाफुल
16 मार्च 2012. शुक्रवार, म्हणजे ढाक्यात सुट्टी. मीरपूरला सचिनचं शंभरावं शतक झालं आणि आमचे घरमालक खालून मिष्टीचा डबा घेऊन वर आले. "आपा, तुमच्या सचिनचं!" रात्री त्याच सामन्यात बांगलादेशनं आपल्याला 5 गडी राखून हरवलं. पुन्हा जिन्यावर पावलं, पुन्हा तोच डबा. उरलेली मिष्टी होती, पण चेहरा मघापेक्षा दुप्पट उजळलेला. सहा दिवसांनी आशिया कपच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून ते 2 धावांनी हरले. शाकिब, मुशफिकूर मैदानातच रडले आणि आमच्या इमारतीत त्या रात्री कुणाच्या घरात भांडंही वाजलं नाही.

नवऱ्याच्या बाइंग हाउसच्या (तयार कपडे खरेदी करून देणारी कंपनी) नोकरीमुळे तिकडे तीन वर्षं काढली. बांगलादेशींबरोबर राहिलेल्या, खेळलेल्या, भांडलेल्या सगळ्यांनी इथे लिहा. ढाका, दुबई, लंडन, कुठलंही चालेल. नुसती क्रिकेटमधल्या नागीण डान्सवरची जुनी भांडणं नकोत, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

साइटवाला
क्रिकेट ठीक आहे हो, पण त्यांचं खरं वेड बघायचं तर फुटबॉल वर्ल्ड कपच्या महिन्यात बघा. मी दुबईत सेफ्टी ऑफिसर. 2022 ला कामगारांच्या कॅम्पातल्या एका खोलीत कुमिल्ल्याची आठ पोरं होती. सहा आर्जेन्टिना, दोन ब्राझील. बंकच्या दांड्यांना झेंडे, आणि मधल्या दोरीवर कुणाचा टॉवेल कुठपर्यंत यावा यावरही तह झालेला. पगार आला की आधी घरी पैसे, मग जर्सी. देश कधी वर्ल्ड कप खेळला नाही, मग हे कशासाठी, असं मी एकाला विचारलं. म्हणाला, "भाई, अब्बांनी 86 साली गावातल्या एकमेव टीव्हीवर माराडोना पाहिला. घरात धर्म बदलेल, टीम नाही बदलणार." त्याचे अब्बा ढाक्यात असते तर आबाहनी की मोहामेडान यावरून असेच भांडले असते. एके काळी त्या दोन क्लबांच्या सामन्यावरून सगळं शहर दुभंगायचं.

फायनलच्या रात्री ब्राझीलवाले दोघे जिन्यात जाऊन बसले होते. या वेडाची दखल खुद्द आर्जेन्टिनानं घेतली. 1978 ला बंद केलेला ढाक्यातला दूतावास त्यांनी फेब्रुवारी 2023 मध्ये पुन्हा उघडला. झेंडे लावून दूतावास मिळवणारी दुसरी जनता मला तरी माहीत नाही.

दर्यावर्दी
आम्ही रत्नागिरीचे, त्यामुळे कबड्डी म्हणजे घरचंच कार्य. जहाजावर आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, संद्वीप बेटावरचा. एकदा चट्टग्रामच्या (चितगाव बंदराच्या) बाहेर नांगर टाकून अकरा दिवस पडून होतो. रिकाम्या होल्डमध्ये (माल ठेवायच्या तळघरात) ताडपत्री अंथरली आणि डाव मांडला. मी 'हुतूतू' म्हणत चढाईला गेलो, तर समोरून हशा. त्यांच्याकडे तो 'हाडुडु'. पन्नाशीचा बोसन कोपऱ्यात उभा, आणि त्यानं घोट्याची अशी पकड घातली की माझा दम तिथेच सुटला. मग वरून ऐकवलं, "हा आमचा राष्ट्रीय खेळ आहे, तुमचा नाही." खरं आहे. 1990 ला बीजिंगच्या एशियाडमध्ये कबड्डी पहिल्यांदा पदकासाठी खेळली गेली तेव्हा सुवर्ण आपलं आणि रौप्य त्यांचं. घोटा पुढे आठवडाभर सुजलेला होता.

तांबडी माती
चट्टग्रामचा विषय निघालाच आहे तर. तिथल्या प्रोजेक्टवर असताना 'जब्बारेर बोली खेला' पाहिला. बोली म्हणजे पैलवान. 1909 पासून लालदिघीला 12 बैशाखला, म्हणजे 25 एप्रिलला, कुस्त्या होतात. अब्दुल जब्बार नावाच्या सौदागरानं इंग्रजांविरुद्ध पोरं तयार व्हावीत म्हणून त्या सुरू केल्या, असं तिथे सांगतात. मी कोल्हापूरचा, त्यामुळे नाक मुरडायला तयारच होतो. ताक-तेल घालून मळलेली माती नाही, नुसती वाळू! डावपेचही आपल्या तालमीतले वाटले नाहीत, रेटारेटी जास्त. पण ढोल सुरू झाले आणि गच्चीगच्चीवर माणसं लटकली, तेव्हा गप्प बसलो. भोवती मैलभर जत्रा. झाडू, चटया, ताडाचे पंखे, मातीची भांडी. बायका वर्षाचे झाडू तिथूनच घेतात. मीही एक घेतला. विमानतळावर त्याची चौकशी झाली, ती कहाणी वेगळी.

नागपूरकरीण
पूर्व लंडनमध्ये शेजारीण सिल्हेटची. ती लहानपणचा 'दारियाबांधा' सांगायला लागली : जमिनीवर आडव्या रेघा, रेघेवर पहारेकरी, चुकवून पार जायचं आणि परत यायचं. अगं, या तर आमच्या आट्यापाट्या! मग डांगुली म्हणजे विटीदांडू, कानामाछी म्हणजे आंधळी कोशिंबीर. तिच्या मुलांना यातलं काहीच येत नाही. माझ्याही नाही.

अबोली
सप्टेंबर 2022 मध्ये मी मैमनसिंगला एका संस्थेच्या कामावर होते. काठमांडूत त्यांच्या मुलींनी नेपाळला 3-1 हरवून साफ, म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल, स्पर्धा पहिल्यांदा जिंकली. संघातल्या बऱ्याच जणी एकाच गावच्या, कलसिंदूरच्या. तिथल्या प्राथमिक शाळेच्या मैदानावर तयार झालेल्या. अंतिम सामन्याआधी संजिदा आख्तरनं फेसबुकवर लिहिलं होतं, आम्हाला उघड्या बसमधून मिरवणूक नाही मिळाली तरी चालेल. ते वाचून लोक पेटले आणि ढाक्यात एका बसचं छप्पर कापून मुलींची मिरवणूक निघाली. आमच्या ऑफिसात चहा देणाऱ्या खाला टीव्हीसमोरून हलेनात. त्यांची मुलगी खेळायची, पण नववीत लग्न लावून दिलेलं. त्या दिवशी चहा मी केला.

जुना गिरगावकर
सगळ्यात जुनी आठवण बहुधा माझीच. 1971. मी बारा वर्षांचा. युद्ध चालू असताना 'स्वाधीन बांगला फुटबॉल दल' भारतभर सामने खेळून मुक्तिसंग्रामासाठी पैसे जमवत होतं. पहिला सामना 25 जुलैला नदिया जिल्ह्यातल्या कृष्णनगरला झाला. भारतानं तोवर मान्यता दिली नव्हती, तरी तिथे त्यांनी आपला झेंडा फडकवला. पुढे ते मुंबईत आले. वडिलांनी मला कूपरेजला नेलं ते समोरच्या संघात पतौडी आहेत म्हणून. क्रिकेटचा नवाब फुटबॉल खेळताना! लक्षात मात्र बांगलादेशचे कप्तान झकेरिया पिंटूच राहिले. देश जन्मायच्या आधी त्याचा संघ जन्मला होता, हे वडिलांनी चालत घरी येताना समजावलं.

शेवगाफुल
काका, फोटो आहे का एखादा?

जुना गिरगावकर
फोटो कुठला. तिकिटाचा अर्धा तुकडा होता, चाळ सोडताना गेला.