लठ्ठपणात लेप्टिन तपासावं का? इन्सुलिन १८ म्हणजे नॉर्मल?

कोरा_चहा: भावाचे रिपोर्ट. वय ४१, उंची १६५ सेंमी, वजन ९२, कंबर १०६ सेंमी. उपाशीपोटी साखर १०४, इन्सुलिन १८. इन्सुलिन लॅबच्या रेंजमध्ये आहे. आता लेप्टिन-ॲडिपोनेक्टिनचं पॅकेज सुचवलंय. घ्यावं का?

सूक्ष्मदर्शी: लेप्टिनचे पैसे वाचवा. लेप्टिन म्हणजे चरबीचा साठा पुरेसा आहे असं मेंदूला सांगून भूक आवरणारं हार्मोन. ते चरबीच्या पेशीच तयार करतात. चरबी वाढली की लेप्टिन वाढतं, फक्त मेंदू त्याला दाद देईनासा होतो. म्हणजे आकडा जास्तच येणार, आणि ते कंबरेच्या टेपनं आधीच सांगितलंय (आपल्याकडे पुरुषांची मर्यादा ९० सेंमी). ही तपासणी खरी कामाची कधी, तर मूल तान्हं असल्यापासून भूक आवरत नसेल आणि वजन झपाट्यानं वाढत असेल तेव्हा. ॲडिपोनेक्टिन हे चरबीच्या पेशींचंच दुसरं हार्मोन. ते उलट, पोटातल्या चरबीबरोबर घटतं. पण कितीच्या खाली वाईट, याची सर्वमान्य रेषा नाही.

इन्सुलिन मात्र सुटं वाचू नका. १०४ × १८ ÷ ४०५ = ४.६, हा होमा-आयआर, म्हणजे साखर आणि इन्सुलिन एकत्र धरून काढलेला अंदाज. साधारण २.५ च्या वर गेला की इन्सुलिन रेझिस्टन्सचा (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याचा) संशय घेतात. साखर १०४ वर रोखायला स्वादुपिंड किती राबतंय, ते या १८ वरून दिसतं. रिपोर्टवरचं एकक मात्र बघा, हे सूत्र µIU/mL साठी आहे. पिकोमोल असेल तर आधी ६ नं भागा, नाहीतर उत्तर सहापट फुगेल.

सीरम_साहेब: नमुना कसा घेतला तेही विचारा. ८ ते १२ तास पोट रिकामं हवं, दुधाचा घोटभर चहाही नको. सुई टोचताना रक्तपेशी फुटल्या आणि सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) लालसर आलं, तर पेशींतलं एन्झाइम इन्सुलिन तोडतं नि आकडा खोटा कमी येतो. केसांसाठी बायोटिनच्या (एका ब जीवनसत्त्वाच्या) गोळ्या चालू आहेत का?

कोरा_चहा: हो, रोज १० मिग्रॅ. त्या दिवशीही सकाळी घेतली होती.

सीरम_साहेब: मग हा १८ धरून चालू नका. बऱ्याच मशीनमधल्या इन्सुलिनच्या किटमध्ये बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन ही एकमेकांना घट्ट चिकटणारी जोडी असते. रक्तातलं बायोटिन तिथली जागा अडवतं आणि इन्सुलिन कमी दिसतं. खरा आकडा १८ हून जास्त असू शकतो. त्याच रक्तातून थायरॉइड केलं असेल तर तेही गडबडतं: टीएसएच खाली, फ्री टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) वर. गोळी तीन दिवस बंद ठेवून त्याच लॅबमध्ये पुन्हा करा. लॅब बदलली की किट बदलतं, मग आकड्यांची तुलना करता येत नाही.

सूक्ष्मदर्शी: आणि पॅकेजच्या पैशांत एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर), ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल (रक्तातली चरबी), एसजीपीटी (यकृताची तपासणी) करून घ्या. फॅटी लिव्हर आहे का, ते सोनोग्राफीत बघा.