टोरंटोला चाललोय : मुलांना ज्यू डे स्कूलमध्ये घालावं का? अनुभव हवेत

ठाण्याची_आई

शालोम सगळ्यांना. आम्ही ठाण्याचे, बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. मिस्टरांना टोरंटोत नोकरी लागली आहे, ऑगस्टमध्ये निघायचं आहे. मुलगी नऊ वर्षांची, म्हणजे तिथे चौथीत जाईल. मुलगा सहाचा, पहिलीत.

इथे आमचं सगळं शार हाशामाईम सिनेगॉगभोवती चालतं. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावतो, बाबा किद्दुशची प्रार्थना म्हणतात, सणाला सगळे जमतो. मुलांना शेमाची प्रार्थना आणि बऱ्याच बेराखा (आशीर्वचनं) तोंडपाठ आहेत, पण देवनागरीत लिहून पाठ केलेल्या. हिब्रू अक्षरं मुलीला अर्धी येतात, मुलाला अजिबात नाही. शाळा कॉन्व्हेंट आहे, वर्गात ज्यू म्हणून ही दोघंच. बाईंना दर वर्षी नव्याने सांगावं लागतं की योम किप्पूरला, म्हणजे आपल्या उपासाच्या दिवशी, मूल का येणार नाही.

तिकडे डे स्कूल असतात हे कळलं. अर्धा दिवस धर्मशिक्षण, अर्धा दिवस बाकीचे विषय. फी बघून मात्र पोटात गोळा आला. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, सरकारी शाळेत घालून रविवारची हिब्रू शाळा लावली तर चालेल का? दोन, अक्षरओळख नसलेलं मूल चौथीत टिकेल का? आणि तिसरं, जे रात्री झोपू देत नाही. तिथली बहुतेक मुलं अश्कनाझी, म्हणजे मूळ युरोपातल्या ज्यू घरांतली. आपला गोड पोह्यांचा मलिदा, आपलं मराठी, आपली तेफिलाची (प्रार्थनेची) चाल हे सगळं "वेगळं" ठरून मुलांना लाज वाटायला लागली तर?

बाथर्स्टवाली

ताई, मी पेणची, लग्नानंतर बोरिवली, आणि गेली अकरा वर्षं इथे टोरंटोजवळ थॉर्नहिलला. दोन्ही मुली डे स्कूलमध्येच शिकल्या. आधी पैशांचं सांगते, कारण ते टाळून काही उपयोग नाही.

ओंटारिओत कॅथलिक शाळांना सरकारी पैसा मिळतो, बाकी कुठल्याच धर्माच्या शाळांना मिळत नाही. ज्यू पालक त्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, १९९६ मध्ये निकाल विरुद्ध लागला. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने हा भेदभाव आहे असं म्हटलं, तरी काही हललं नाही. म्हणून फी पूर्ण पालकांच्या आणि देणगीदारांच्या खिशातून जाते. प्राथमिकला एका मुलामागे २०,००० डॉलरच्या आसपास धरून चला. पण छापलेली फी बघून परत फिरू नका. प्रत्येक शाळेत फी-सवलतीचा अर्ज असतो, उत्पन्नाचे कागद जोडावे लागतात, आणि नव्याने आलेल्या कुटुंबांचा खरंच विचार होतो. अर्ज करताना मला खूप अवघडल्यासारखं झालं होतं. तेव्हा ऑफिसातली बाई म्हणाली, "वर्गातल्या कितीतरी घरांनी हाच फॉर्म भरलाय." दुसरं, फीमधला धर्मशिक्षणाचा वाटा इथे देणगी म्हणून धरता येतो, करात सूट मिळते. त्याची पावती शाळाच देते, मागून घ्या.

आता तुमचा तिसरा प्रश्न. माझी धाकटी पहिलीत असतानाचं सांगते. पहिलीत मुलांना स्वतःचा सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, मिळतो, त्याचा मोठा समारंभ असतो. आठवडाभर आधी कोरा सिद्दूर घरी पाठवतात, आई-वडिलांनी कव्हर सजवायचं आणि ते मुलाला आधी दाखवायचं नाही. बाकीच्यांनी चकाकी, चांदणी, जेरुसलेमच्या भिंती असं काय काय केलं. मला चित्रकला येत नाही. माझ्याकडे आईने दिलेल्या खणाच्या चोळीचा तुकडा होता, अंजिरी रंगाचा, हिरव्या काठाचा. तो कव्हरला शिवला आणि त्यावर पांढऱ्या दोऱ्याने तिचं नाव हिब्रूत भरलं. समारंभात रब्बींनी एकेकाचं नाव घेऊन सिद्दूर हातात दिला. पोरीने तो उघडायच्या आधी कव्हरवरून हात फिरवला आणि सगळ्यांसमोर माईकवर म्हणाली, "धिस इज माय आजीज ब्लाउज." हॉलमध्ये हशा पिकला, पण तिच्या चेहऱ्यावर नुसता अभिमान होता. आज ती नववीत आहे. तोच सिद्दूर, कोपरे झिजलेत, काठ उसवलाय, बदलू देत नाही.

लाज मुलांना आपल्याकडून लागते, ताई. आपण डबा लपवला की तीही लपवतात.

ओंकार_स्कारबरो

मी ज्यू नाही, पण माझा मुलगा सरकारी शाळेत आहे म्हणून एवढंच सांगतो. इथल्या सरकारी शाळा चांगल्या आहेत, सणाची सुट्टी विनातक्रार देतात. चिठ्ठी दिली की झालं. त्या बाबतीत ठाण्यापेक्षा सोपं जाईल.

दोन_मुलांचा_बाप

मी दुसरा रस्ता घेतला, म्हणून लिहितो. आम्ही २०१२ मध्ये आलो तेव्हा हातात काहीच नव्हतं. मुलाला सरकारी शाळेत घातलं आणि रविवार सकाळ व बुधवार संध्याकाळ हिब्रू शाळा लावली. तेराव्या वर्षीची बार मित्स्वा व्यवस्थित झाली, त्याने पाराशा, म्हणजे धर्मग्रंथातला त्या आठवड्याचा भाग, छान म्हटली. पण खरं सांगायचं तर त्याने ती रेकॉर्डिंग ऐकून पाठ केली होती, अगदी आपण शेमा पाठ केला तशी. पान उलटलं की पुढचं वाचता येत नव्हतं. आठवड्याला चार तास, तेही थकलेल्या मुलाला. शिक्षकांनी मनापासून शिकवलं, वेळच पुरला नाही.

त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. त्याचे मित्र शनिवारी हॉकी खेळायचे. तो घरी बसायचा आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, त्याला शिक्षा वाटायची. धाकटीला सवलतीवर डे स्कूलमध्ये घातलं. तिच्या मैत्रिणींचाही शनिवार शब्बाथच असतो, त्या चालत एकमेकींच्या घरी जातात. ती कधीच म्हणाली नाही की माझं काहीतरी हुकतंय. दोघंही एकाच घरात, एकाच आईबापांखाली वाढलीत. मला हाच फरक सगळ्यात मोठा वाटतो, हिब्रूपेक्षाही.

माझगाव_जुना_विद्यार्थी

मुली, मी सत्तरी ओलांडलेला माणूस, माझगावच्या सर एली कदूरी शाळेत शिकलो. डे स्कूल ही काही परदेशातून आलेली कल्पना समजू नकोस. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ साली बेने इस्राएल मुलांसाठी मुंबईत शाळा काढली, तीच पुढे कदूरींच्या नावाने ओळखली जाऊ लागली. गणित, इंग्रजी, मराठी आणि हिब्रू एकाच छपराखाली. आमच्या वेळी हिब्रूच्या तासाला मास्तर एका मुलाला ओळ वाचायला लावत आणि दुसऱ्याने तिचा अर्थ मराठीत सांगायचा. अर्थ चुकला तर दोघांनाही पुन्हा पहिल्यापासून. पुढे समाज इस्रायलला गेला, आज तिथे बहुतेक मुलं इतर धर्मांची आहेत.

आपल्याकडे हिब्रू मराठीतून शिकायची वाट फार जुनी. जॉन विल्सन मिशनरी होता, त्याचा हेतू वेगळा होता, पण १८३२ मध्ये त्याने हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं आणि आपल्या लोकांनी ते वापरून आपलीच प्रार्थना नीट वाचायला घेतली. पुण्यात १८७४ साली मराठी-हिब्रू हग्गादा निघाली, पेसाख सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक. तिच्यात नऊवारी नेसलेल्या बायका मात्सा (बिनखमिराच्या भाकऱ्या) करताना दाखवल्या आहेत. ते चित्र छापून बरोबर ने. पेसाखच्या आधी शाळांमध्ये नमुन्याचा सेदेर (पेसाखचं विधीचं जेवण) होतो, त्या दिवशी मुलीच्या हातात दे.

बाथर्स्टवाली

काका, फार छान सुचवलंत. मी हे चित्र पाहिलंय पण शाळेत न्यायचं डोक्यातच आलं नाही.

ताई, पेसाखवरून आठवलं, एक धोक्याची सूचना. मोठी तिसरीत असताना रडत घरी आली. वर्गात कोणीतरी सांगितलं की पेसाखला भात खाणारे खरे ज्यू नव्हेत. अश्कनाझी लोक त्या आठ दिवसांत भात, डाळी खात नाहीत, आपल्याकडे खातात, दोन्ही रीती शास्त्राला धरून आहेत. पण हे आठ वर्षांच्या पोरीला कोण सांगणार? मी रात्री शिक्षिकेला मेल केला. दुसऱ्या दिवशी तिने अख्खा तास त्यावरच घेतला. मोरोक्कोच्या घरात काय करतात, इराणी घरात काय, आमच्याकडे काय. मुलांना घरी विचारून यायला सांगितलं. ज्या मुलाने चिडवलं होतं त्याच्या आजीने सांगितलं की तिचं माहेर इराकी, तीही लहानपणी भात खायची! तर असं काही होईल हे धरून चला, आणि झालं की त्याच दिवशी शाळेला कळवा. शाळा ठरवतानाही सरळ विचारा, आमच्या घरची रीत सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनच्या ज्यूंच्या, पद्धतीच्या जवळची आहे, वर्गात तिला जागा आहे का? उत्तर देताना समोरच्याचा चेहरा बघा.

ठाण्याची_आई

बाथर्स्टवाली ताई, डोळ्यांत पाणी आलं. चौथीच्या मुलीचं काय? आणि प्रवेशाला कागद काय लागतात? कोणीतरी म्हणालं की आपल्याला ज्यू असल्याचा पुरावा मागतात.

लोदची_मावशी

पुरावा हा शब्द वाचून मला लिहावंच लागलं. मी १९६३ मध्ये आईवडिलांबरोबर इस्रायलला आले. तेव्हा रब्बी आमच्या लग्नांवर शंका घेत होते, आजी-पणजीपर्यंत चौकशी करा म्हणत होते. आपली माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली. १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, ठरवून टाकलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. तेव्हा कोणी कागद मागितला तर केतुबा (लग्नाचा करार) शांतपणे दाखव. तो सगळ्यांकडूनच मागतात. पण मान खाली घालू नकोस.

आता माझी चूक सांगते. इथे धार्मिक सरकारी शाळा आहेत, फीची काळजी नाही. माझी मुलं तानाख (हिब्रू बायबल) माझ्यापेक्षा शंभर पटीने जाणतात. आणि नातवंडांना "खिरीचा सण", "बिरड्याचा सण" ही आपल्या सणांची मराठी नावं माहीत नाहीत. शाळा सगळं शिकवतेय म्हणून मी सोडून दिलं. शाळेने तोरा शिकवली. खीर मी शिकवायची होती.

बाथर्स्टवाली

मावशी, तुमचं शेवटचं वाक्य मी लिहून ठेवलंय.

ताई, कागदांमध्ये तुमची केतुबा, मुलांचे जन्मदाखले आणि इथल्या सिनेगॉगचं पत्र एवढं घेऊन ठेवा. पारंपरिक शाळा केतुबा बघतात, बाकीच्या तितकं ताणत नाहीत. शाळांचे प्रकार बरेच आहेत, भेट दिल्याशिवाय ठरवू नका. शक्यतो सकाळच्या तेफिलाच्या वेळेला जा, तेव्हा शाळेचा खरा रंग दिसतो.

चौथीचं कठीण आहे, खोटं सांगत नाही. तोपर्यंत वर्ग खुमाश, म्हणजे तोराची पाच पुस्तकं, मूळ हिब्रूतून वाचत असतो, काही शाळांत राशी या जुन्या भाष्यकाराची टीकाही सुरू झालेली असते आणि तिची लिपी वेगळी. काही शिक्षिका तासभर हिब्रूशिवाय बोलतच नाहीत. वर फ्रेंच असतं. पण नव्या मुलांसाठी वेगळा हिब्रूचा तास घेतात, तो आहे का हे विचारा. आणि आत्तापासून ऑगस्टपर्यंत रोज पंधरा मिनिटं अक्षरं घ्या. तिला जे पाठ आहे त्याच्यावरच बोट ठेवून वाचायला लावा. शेमा, मग जेवणानंतरची बिर्कत हामाझोन. आवाज डोक्यात आहेच, डोळ्याला आकार सापडतो. शेजारच्या मुलीला मी असंच शिकवलं, तीन महिन्यांत वाचायला लागली. धाकट्याची काळजीच करू नका, पहिलीत सगळे एकाच रेषेवर असतात.

शुक्रवारची मजा त्याला फार आवडेल. दर आठवड्याला वर्गातली दोन मुलं शब्बाथची आई आणि बाबा होतात, दिवे, द्राक्षाचा रस, हल्ला नावाचा पाव, त्सेदाकाच्या, म्हणजे दानाच्या, डब्यात नाणी. हिवाळ्यात दिवे साडेचारच्याही आधी लावावे लागतात, म्हणून शाळा दुपारी लवकर सुटते. ऑफिसात तसं आधीच सांगून ठेवा.

आणि मलिदा! तू बिश्वात या सणाला आपल्याकडे अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या टापाला, प्रेषित एलियाच्या जागी, जातात, मलिदा होतो. इथे शाळेत तो दिवस झाडांचा आणि फळांचा, बाहेर गुडघाभर बर्फ. मी विचारलं, मलिदा आणू का? घरचं शिजवलेलं चालत नाही, कोशेरची, म्हणजे धर्माच्या आहारनियमांची, देखरेख लागते, आणि सुकामेव्याला ॲलर्जीमुळे बंदी. म्हणून बंद पाकिटातले पोहे, गूळ, वेलची, नारळ आणि फळं शाळेच्या स्वयंपाकघरात नेली, आणि माश्गीआखसमोर, म्हणजे ती देखरेख करणाऱ्या माणसासमोर, नारळ फोडला, खोवला, पोहे भिजवले. बदाम-पिस्ते नाहीत म्हणून मन थोडं खट्टू झालं. पण ताट वर्गात गेलं आणि तिसरीची पोरं केळ्यावरून भांडायला लागली. केळं झाडाचं फळ की जमिनीचं? बेराखा कुठली म्हणायची? एकाने उठून सांगितलं, केळीचं खोड दर वर्षी मरतं, म्हणून जमिनीची बेराखा. माझी आई मलिद्यात केळ्यासाठी वेगळी बेराखा म्हणायची. का, ते मला कधी माहीत नव्हतं. ते मला त्या पोराकडून कळलं.

दोन_मुलांचा_बाप

पुढचाही विचार करून ठेवा, ताई. इथल्या मोठ्या ज्यू हायस्कूलची, टॅननबॉम चॅटची, फी २०१७ मध्ये देणगीदारांमुळे २८,००० च्या आसपासवरून १८,५०० वर आणली होती. पैसा हा समाजाचाही प्रश्न आहे असं इथे मानतात. तुम्ही विचारायला लाजू नका.

ठाण्याची_आई

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री दोघांनी बसून ठरवलं, दोन शाळांना सवलतीच्या अर्जासकट कागद पाठवतोय. मुलीने आज शेमाची पहिली ओळ बोट ठेवून वाचली, "एखाद"च्या दालेत अक्षरावर अडली, मग स्वतःच हसून पुढे गेली.

बाथर्स्टवाली ताई, शनिवार संपल्यावर आईकडे जाणार आहे. तिच्या ट्रंकेत खण आहे, हिरवा, लाल काठाचा. किती घेऊ?

बाथर्स्टवाली

सिद्दूर छोटा असतो, एक वीत पुरेल. पण पूर्ण खणच आण. दोन वर्षांनी मुलाला खुमाश मिळेल, त्यालाही कव्हर लागतं.