शिकवणी वर्गाला ऑनलाइनची जोड द्यायची आहे, मार्गदर्शन हवे
अंबाजोगाईत मी ८वी ते १०वीचे गणिताचे शिकवणी वर्ग चालवतो. दसऱ्यानंतर धारूर, केज तालुक्यांतील काही मुले ऊसतोडीला निघालेल्या आई-वडिलांसोबत पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि त्यांचा अभ्यास तुटतो, म्हणून ऑनलाइन शिकवणी सुरू करावी असे मनापासून वाटते. कोपीवर (ऊसतोड कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीत) एकच मोबाइल असतो आणि तो रात्रीच मुलांच्या हाती येतो. अशा वेळी थेट तास घ्यावा की १५ मिनिटांचे व्हिडिओ पाठवावेत? वही तपासणे तर त्याहून अवघड आहे. मागच्या हंगामात एका मुलीने पाठवलेल्या फोटोत वर्गसमीकरणाच्या पायऱ्या इतक्या पुसट होत्या की ती नेमकी कुठे अडली ते कळलेच नाही. प्रत्यक्ष वर्गाइतके शुल्क घेणे मला पटत नाही, पण वेगळा शिक्षक नेमल्यास खर्च कसा भागवावा? ज्यांनी हे केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.