फोनला रेंज आहे, पण पंपाचा स्मार्ट स्विच सारखा ऑफलाइन. तपासायचं कसं?

कुळागरवाला (सावईवेरे)
नमस्कार मंडळी. आमच्या कुळागरात विहिरीवर तीन एचपीचा पंप आहे. पंपाची खोली चिऱ्याची, घरापासून हाकेच्या अंतरावर. बाबांचे गुडघे दुखतात. पावसात त्यांनी ती निसरडी पायवाट उतरू नये म्हणून स्टार्टरवर वाय-फायचा स्मार्ट स्विच बसवून घेतला. राउटर ओसरीवर आहे, नेट फायबरचं. स्विच मात्र केव्हाही ऑफलाइन होतो. त्याच खोलीत उभं राहून फोनवर व्हिडिओ न अडकता चालतो. बसवणारा म्हणतो राउटर बदला, दुकानदार म्हणतो स्विच बदला. पैसे घालण्याआधी दोष कुठे आहे ते घरच्या घरी कळेल का?

फोंड्याचा वायरमन
व्हिडिओ चालला तेव्हा फोनचा मोबाइल डेटा बंद होता ना? पुष्कळदा फोन गुपचूप डेटावर जातो आणि आपल्याला वाटतं वाय-फाय झकास आहे.

कुळागरवाला
डेटा बंद करूनच पाहिलं, भाऊ.

टेस्टबेंच (वेर्णा)
मी असली उपकरणं तपासण्याचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोनवरून स्विचची परीक्षा होत नाही. स्विचातला अँटेना म्हणजे बहुधा सर्किट बोर्डावरचीच तांब्याची नागमोडी रेघ. फोन त्यापेक्षा कितीतरी चांगलं ऐकतो आणि बोलतो. राउटरचा आवाज स्विचला पोचतो, पण स्विचचा आवाज राउटरपर्यंत पोचत नाही, असंही होतं. म्हणून आकडा राउटरच्या बाजूने बघ. राउटरच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते. बऱ्याच राउटरांत तिथे प्रत्येकाचा सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक, शून्यापासून जितका दूर तितका सिग्नल कमजोर) दिसतो. उणे ६० च्या आसपास उत्तम, उणे ७० चालेल, उणे ८० च्या खाली गेला की कनेक्शन तुटणारच.

आता महत्त्वाचं: स्विच स्टार्टरच्या पत्र्याच्या डब्यात बसवलाय का? असेल तर डब्याचं दार उघडं असताना आणि बंद असताना, दोन्ही आकडे घे. तपासणी करणारे नेहमी दार उघडं ठेवतात, आणि स्विच रोज काम करतो ते दार बंद असताना! पत्रा सिग्नल अडवतो. भोवतीच्या जाड, भिजलेल्या चिऱ्याच्या भिंतीही उरलेला बराच खातात.

दुसरं, ॲपमधल्या ‘ऑफलाइन’ने दोष वाय-फायचा की नेटचा ते कळत नाही. राउटरला केबलने जोडलेल्या लॅपटॉपवरून स्विचच्या आयपीला (नेटवर्कमधल्या त्याच्या पत्त्याला) रात्रभर पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी सारखी विचारणा, लावून ठेव. मधूनमधून उत्तर उशिरा आलं तर घाबरू नकोस. वीज वाचवायला रेडिओ डुलकी काढतो, शंभर-दोनशे मिलिसेकंद लागू शकतात. उत्तर मुळीच न येणं हा दोष. ॲपमध्ये ऑफलाइन आणि पिंग मात्र चालू, असं दिसलं तर स्विच आणि राउटरचं वाय-फाय ठीक आहे. गडबड फायबरमध्ये किंवा कंपनीच्या सर्व्हरकडे. पावसात फांद्या पडून खांबावरची केबल तुटते हे तुला सांगायला नको.

तिसरं, वीज जाऊन येण्याची चाचणी. मेन बंद करून परत चालू कर. स्विच काही सेकंदांत जागा होतो, राउटरला मिनिट-दोन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात काही स्विच शोधाशोध सोडून देतात. मग एकदा फक्त राउटर बंद-चालू करून बघ. दोन्ही वेळा हात न लावता स्विच परत जोडला गेला पाहिजे. आपल्याकडे लाइट जाणं नवीन नाही, म्हणून ही चाचणी मी कधीच गाळत नाही.

अनघा (म्हापसा)
आमच्या गेस्ट हाऊसमधला अनुभव जोडते. राउटरचा चॅनेल (वाय-फाय ज्या पट्टीवर बोलतं तिचा क्रमांक) ‘ऑटो’वर होता. तो १३ वर गेला की दोन स्मार्ट प्लग गायब व्हायचे. भारतात २.४ गिगाहर्ट्झवर १२ आणि १३ चालतात, पण काही उपकरणं ११ च्या पुढे ऐकतच नाहीत. आम्ही चॅनेल ६ कायम केला, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली. १, ६, ११ हे तीन एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. त्यातला शेजाऱ्यांचा कमी गर्दीचा निवडा.

कुळागरवाला
टेस्टबेंचदादा, दार उघडं असताना उणे ७१. बंद केल्यावर उणे ८४! दार बंद असताना पिंगची उत्तरं झुंडीने गळतात, उघडं असताना जवळजवळ सगळी येतात. चॅनेल आधीपासून ६ च आहे. वीज घालवून पाहिली, दार उघडं असताना स्विच आपोआप परत आला. म्हणजे राउटर बदलायची गरज नाही ना?

टेस्टबेंच (वेर्णा)
आत्ता तरी नाही. वायरमनकडून वीज बंद करून घे आणि स्विच शेजारी प्लास्टिकच्या बंद डब्यात हलवून घे. कॉन्टॅक्टर (पंपाची वीज प्रत्यक्ष जोडणारा-तोडणारा भाग) लोखंडी डब्यातच राहू दे. मग दार लावून तोच आकडा परत बघ. उणे ७० च्या आसपास काठावरच आहे, म्हणून ओसरीवरचा राउटर विहिरीकडच्या खिडकीजवळ आणता आला तर आण.

आणि एक काम यापेक्षाही आधी कर. पंप चालू असताना राउटर बंद कर आणि पंप थांबतो का ते बघ. थांबणार नाही, कारण ‘बंद’चा आदेश पोचायला नेट लागतं. विहीर उपसली गेली तर पंप कोरडा फिरून जळेल. म्हणून कोरडा पंप तोडणारा रिले स्टार्टरमध्येच बसवून घे, आणि स्विचात ठरावीक वेळाने स्वतः बंद होण्याची सोय असेल तर तीही लाव. हे दोन्ही नेटविना चालतात. बसवल्यावर राउटर बंद ठेवूनच तपास.