मदत हवी आहे: बदकाची पिल्लं पायावर उभी राहत नाहीत (मखमलाबाद, नाशिक)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावते, कारण चुकलं कुठे तेच कळत नाहीये.

घरामागे सव्वा गुंठा मोकळी जागा आहे. तिथे सात कोंबड्या आणि एक कोंबडा, सगळं गावरान. पाच वर्षं झाली, त्यामुळे मानमोडीची लस, खुडूक, पिसवा वगैरे हाताखालून गेलंय. बदकं मात्र पहिल्यांदाच.

नोव्हेंबरच्या शेवटी चांदोरीहून ओळखीतून आठ अंडी आणली आणि खुडूक (अंड्यांवर बसायला आलेल्या) लाल कोंबडीखाली ठेवली. एकविसावा दिवस गेला तरी काही नाही. तेविसाव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "नासली असतील, टाक आता." मोबाईलच्या टॉर्चवर एक धरून पाहिलं तर आत काहीतरी हललं! मग कळलं की बदकाला 28 दिवस लागतात. कोंबडी बिचारी आठवडाभर जास्तीची बसली. पाच पिल्लं निघाली.

आता ती तीन आठवड्यांची होत आलीत. संक्रांतीच्या दिवशी लक्षात आलं की दोन पिल्लं चालतच नाहीयेत. घोट्यांवर बसून राहतात आणि पंख वल्ह्यासारखे मारत पाण्याच्या भांड्यापर्यंत सरकतात. जखम नाही, डोळे तरतरीत, खायला हावरट. बाकीच्या तिघांतलंही एक जरा फेंगडं चालतंय असं वाटतं.

खाणं: पहिला आठवडा चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य). ते संपल्यावर मक्याचा भरडा, तांदळाची कणी, संध्याकाळी उरलेली पोळी कुस्करून. (संक्रांतीला गुळपोळीही झाली.) थंडीमुळे रात्री कोंबडीसकट व्हरांड्यात खोक्यात, खाली वर्तमानपत्र.

दवाखान्यात नेलं. "थंडीनं असेल" म्हणून टॉनिक लिहून दिलं. बदक त्यांनीही पहिल्यांदाच हातात घेतलं असावं असं वाटलं.

हे साथीचं आहे का? वेगळी ठेवू का? आणि पुढच्या महिन्यात तालुक्याला पशुपक्षी प्रदर्शन आहे, लेकीने बदकाच्या जोडीचं नाव देऊन टाकलंय. ती रोज विचारते आणि मी रोज विषय बदलते.

गोदाकाठी: ताई, पायाचा जवळून फोटो टाका ना. शक्यतो मागून.

ओसरीवरचा: मुडदूस वाटतोय. सकाळच्या उन्हात सोडा, शिंपल्याची भुकटी द्या. आमच्या कोंबड्यांना लगेच फरक पडला होता.

डालगं: ऊन चांगलंच, पण शिंपल्याची भुकटी या वयाला नको. ती अंड्यावरच्या कोंबडीला. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम जास्त झालं तर मूत्रपिंडावर ताण येतो.

ताई, तुमचं उत्तर तुमच्याच भरड्यात आहे. हे नायसिन कमी पडल्याचं लक्षण दिसतंय, म्हणजे बी 3 जीवनसत्त्व. कोंबडीचं पिल्लू खाण्यातल्या प्रथिनापासून थोडं नायसिन अंगातच बनवून घेतं, बदकाला ते नीट जमत नाही. त्याला किलोभर खाद्यात साधारण 55 मिलिग्रॅम लागतं. मक्यात नायसिन आहे, पण ते बांधलेलं असतं, पोटात गेलं तरी अंगी लागत नाही. कणीत आणि पोळीतही फारसं नाही. पहिला आठवडा स्टार्टरवर निभावला, पुढे पाय गेले. साथीचं नाही. पण इतर पिल्लं तुडवतात, म्हणून दोघांना दिवसा वेगळं ठेवा, तेही बाकीच्यांना दिसेल असं. एकटं बदक खाणं सोडतं.

मेडिकलमध्ये बी कॉम्प्लेक्सचं सिरप मिळतं. लेबलवर नायसिनामाइड (नायसिनचंच एक रूप) किती ते बघा आणि लिटरभर पाण्यात 30 मिलिग्रॅमच्या आसपास जाईल इतकं घाला. पाणी रोज बदला. ब्रुअर्स यीस्ट (बिअर बनवताना उरलेलं, वाळवलेलं यीस्ट) मिळालं तर किलोभर खाद्याला 50 ग्रॅम. मका बंद करून पुन्हा स्टार्टर आणा. सुकट स्वच्छ धुऊन, मीठ काढून, चुरून द्या.

आणि ते वर्तमानपत्र आजच काढा. घसरड्यावर पाय फाकतात. गोणपाट अंथरा.

मखमलाबादकर (धागाकर्ती): दादा, खूप आभार. खरं सांगू, वाचून पोटात कालवलं. मी त्यांना कोंबडीसारखंच वाढवत होते. तिळगुळाच्या लाडवांचं शेंगदाण्याचं कूट उरलंय, गूळ न घातलेलं. ते चालेल का?

डालगं: शेंगदाण्यात नायसिन भरपूर, चिमूटभर चालेल. पण खवट किंवा काळा पडलेला एकही दाणा नको. 1960 साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने लाखभर टर्की मेल्या, त्यातून पुढे अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे त्या बुरशीच्या विषाचा, शोध लागला. बदकाची पिल्लं त्या विषाला फार नाजूक असतात. ओल लागलेल्या मक्यातही हेच होतं, तेव्हा तो भरडा कोंबड्यांना टाकण्याआधीही हुंगून बघा.

एक तपासा. पिल्लू उताणं धरून दोन्ही घोटे शेजारी शेजारी ठेवा. एक सुजलेला, चपटा लागतो का? घोट्यामागची शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) जागेवर आहे का बाजूला सरकलीय?

मखमलाबादकर: लेकीने धरलं, मी बघितलं. एकाचे दोन्ही घोटे सारखे आहेत. दुसऱ्याचा डावा घोटा लिंबाएवढा नाही पण मोठ्या बोराएवढा तरी झालाय, आणि शीर बोटाखाली बाहेरच्या अंगाला लागते.

डालगं: पहिलं बहुतेक उठेल. दुसऱ्याचं खोटं सांगत नाही. शीर सरकली की जीवनसत्त्वाने ती परत जागेवर येत नाही. जगेल, खाईल, लंगडेल.

ओसरीवरचा: माझा सल्ला मागे घेतो ताई. उन्हाचा तेवढा ठेवा.

सातपूरचा काका: प्रदर्शनाचं बोलतो. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला. तेव्हा मी तिकडे नोकरीला होतो. मारलेल्या कोंबड्या पुरायचे खड्डे बघितलेत मी. बदक बाहेरून ठणठणीत दिसतं आणि तो विषाणू घेऊन फिरतं, कोंबड्या मात्र पटापट मरतात. प्रदर्शनाला जाऊन आलेला पक्षी निदान तीन आठवडे वेगळा ठेवायचा, त्याचं भांडं वेगळं, तुमची चप्पलही वेगळी. अंडी चांदोरीची म्हणता, तिथून नांदूर मधमेश्वर हाकेवर. हिवाळाभर रानबदकं उतरतात तिथे. तिकडून मोठा पक्षी आणायचा झाला तरी हाच नियम. आणि पोरीला सांग, सहा-सात आठवड्यांचं बदक धड पिल्लूही नसतं न् धड मोठंही. पंच काय बघणार? नराची शेपटीवरची वळलेली पिसं अजून यायची असतात. पुढच्या वर्षी ने.

गोदाकाठी: काका बरोबर बोलले. आणि ताई, पाण्याचं भांडं खोल ठेवा. बदकाला चोच नाकपुड्यांपर्यंत बुडवता आली पाहिजे, नाहीतर कोरडं खाद्य नाकात चिकटतं. पोहायला मात्र ऊन असताना, तेही थोडा वेळच. आई बदकाच्या पंखाखाली पिसांना तेल लागतं, कोंबडीखाली ते कुठून मिळणार? लवकर भिजतात आणि गारठतात.

मखमलाबादकर: आठ दिवसांनी लिहितेय. फेंगडं चालणारं सरळ झालं. पहिलं परवा उभं राहिलं, दोन पावलं टाकली, पडलं, पुन्हा उठलं. आज दुपारी परातीत पाणी भरून चौघांना सोडलं तर लाल कोंबडी काठाने गोल गोल पळत इतकी ओरडली की शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. त्यांना वाटलं मुंगूस आलं.

दुसरं अजून घोट्यावरच आहे. सूज थोडी उतरली, शीर तिथेच. सासूबाईंनी जुन्या नऊवारीची चुंबळ करून दिलीय, तिच्यात बसून ते दिवसभर बाकीच्यांकडे बघत असतं. प्रदर्शनातून नाव काढलं. लेक दोन तास बोलली नाही, मग म्हणाली, लंगड्याचं नाव मी ठेवणार.

डालगं दादा, त्या पिल्लाला घोट्याखाली घट्टे पडायला लागलेत. चुंबळीशिवाय अजून काय करता येईल?